तोंड आलंय, ताई

४ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच अर्धी दुपार गेली. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू हसशील आणि ‘प्रिय’ लिहिलं तर भुवया उडवशील, म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी आत्ता माझ्याने बोलवणार नाही, कारण माझं तोंड आलंय. मागच्या महिन्यात आलं होतं, त्याच्या मागच्या महिन्यातही. तोंड येतं कसलं, जातंय एकदाचं, असं वाटतं.

आता कामाचं बोलते. मला तुझी थुंकी हवी आहे.

हसू नकोस आणि चिडू नकोस, आधी ऐकून घे. इथल्या दातांच्या दवाखान्यात एक अभ्यास चाललाय. ज्यांचं तोंड सारखं येतं त्यांच्या लाळेत ताणाची काही खूण सापडते का, हे ते बघतायत. माणूस ताणाखाली असला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य वाढतं आणि ते लाळेतही उतरतं, असं अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. बाई कसली, पोरगीच आहे. कोटाच्या खिशात सदा नळ्या खुळखुळत असतात, म्हणून मी मनातल्या मनात तिला नळीवाली म्हणते. साहेबांची थुंकी झेलणारे मी आमच्या ऑफिसात पुष्कळ पाहिलेत, पण हातमोजे घालून झेलणारी ही पहिलीच.

त्यातही नियम फार. सकाळी दवाखान्यात जाऊन द्यायची, ब्रश न करता, चहाही न घेता. आणि थुंकायचं नाही! मान खाली घालायची आणि लाळ आपोआप नळीत गळू द्यायची. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघ. ‘गळ’ म्हटलं की तोंड पार कोरडं पडतं. पहिल्या वेळी माझ्या फोडातून रक्त आलं, तर तिने ती नळी सरळ फेकून दिली. रक्त आलं की मोजमाप चुकतं म्हणे.

आता तुलना करायला त्यांना असं माणूस लागतं, ज्याचं तोंड कधीच येत नाही. सख्खी बहीण असेल तर फारच बरं, असं नळीवाली म्हणाली. मला तुझ्याशिवाय दुसरी बहीण आहे कुठे? लहानपणी माझं तोंड आलं की तू माझ्यासमोर बसून मुद्दाम हिरवी मिरची कचाकचा खायचीस. तुझ्या तोंडाला कधी काही झालं नाही, आणि मनालाही होत नाही असं आई म्हणायची.

जाताना तू आईला काय म्हणालीस ते मला माहीत आहे. मी तेव्हा ड्यूटीवर होते. भांडण मला दोघींकडून वेगवेगळं कळलं. नवऱ्याचं घर सोडून आल्याबद्दल आई तुला काय काय बोलली, हे तिने गाळलं आणि तू वाढवलंस. पण ती म्हणाली ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ आणि तू म्हणालीस ‘या दारात थुंकायलासुद्धा येणार नाही’, एवढं दोघींनी शब्दाशब्दाने सारखंच सांगितलं. म्हणून दारात ये असं म्हणत नाही. तुझ्या गावातही त्यांचा एक दवाखाना आहे, पत्ता मागे लिहिलाय. तिथे थुंक. म्हणजे तुझा शब्दही मोडणार नाही.

आई बरी आहे. बोलते.

तुझा भोंगा


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणजे काय, दोन ओळी! ‘तुला कसला गं ताण? आणि आई बोलते असं का लिहिलंस, ती कधी गप्प होती?’

त म्हणता ताकभात ओळखायची तुझी सवय गेलेली नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस, मग माझी दोन अक्षरं तुझ्या नजरेतून कशी सुटतील!

ताण नोकरीचा, दुसरा कसला. उगाच का तू मला भोंगा म्हणतेस! बस स्टँडवर घोषणा करणाऱ्या बाईचं तोंड येणं म्हणजे शिंप्याची बोटं सुजणं. यावेळी फोड जिभेच्या अगदी टोकाला आहे. तुला वाटेल, टोकाने कोण बोलतं? सगळेच बोलतात. ‘स’ म्हण, ‘त’ म्हण, ‘ल’ म्हण, बघ जीभ कुठे जाते ती. सात वाजून सदतीस मिनिटांची गाडी फलाट क्रमांक सातवर लागते, ती जाहीर करताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं. परवा मी जरा डोकं चालवलं आणि ‘आठच्या आधीची गाडी, फलाट क्रमांक आठच्या अलीकडचा’ असं म्हणून टाकलं. अर्धे लोक आठवर जाऊन उभे, अर्धे सहावर! एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, “अहो बाई, घोषणा करताय का कोडं घालताय?” कंट्रोलरसाहेबांनी बोलावून झापलं. त्यांना तोंड उघडून दाखवलं तेव्हा म्हणाले, “बरं बरं, मिटा ते.”

तर असा ताण आहे. बाकी रोजचंच. पहाटे उठायचं, आईला पुसून घ्यायचं, कूस बदलायची, चमच्याने सूप भरवायचं, ओघळलं की टिपायचं, मग शेजारच्या काकू येऊन बसल्या की धावतपळत स्टँड गाठायचा.

लिहून गेले बघ. आता खोडत नाही.

ऑक्टोबरात आईला झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालंय, त्या बाजूने लाळ येत राहते. मी दवाखान्यात नळीत एक थेंब पाडायला मान मोडून बसते आणि घरी येऊन तिची टिपत राहते. घरात लाळेला काही तोटा नाही, नळीवालीला एवढं कळलं तर ती आमच्याकडेच मुक्कामाला येईल.

बोलते म्हणजे एकच शब्द बोलते. बाकीचे गेले.

तू दवाखान्यात जाऊन आलीस का?

भोंगा


६ मार्च

ताई,

किती चिडलीस! पेन कागदात रुतलेलं पाठीमागून हाताला लागतं. ‘मला का कळवलं नाहीस’ हे तीनदा लिहिलंस.

पहिल्या आठवड्यात आई दवाखान्यात होती तेव्हा फोन लावत होते. तू उचलला नाहीस. पुढे लावला नाही, हे खरं. तू आली असतीस आणि आईने मान फिरवली असती तर? तिला शब्द उरले नाहीत, पण मान डावीकडे छान फिरते. तू तो अपमान पोटात घालून गेली असतीस आणि मी दोघींच्या मध्ये वाटी घेऊन उभी राहिले असते. ही भीती खोटी नव्हती. पण एवढंच कारण होतं असंही नाही. दुसरं आत्ता सांगत नाही.

कोणता शब्द उरलाय, हे तू विचारलं नाहीस. मला वाटलं होतं पहिलं तेच विचारशील. विचारलं नाहीस ते बरंच झालं. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येतात. त्या म्हणतात, असा शब्द राहतो तो कुठलाही राहतो. कुणाचा ‘नको नको’ राहतो, कुणाची शिवी. एक गृहस्थ सगळ्याला ‘मंगळवार’ म्हणायचे. त्याला अर्थ चिकटवू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. मी चिकटवत नाही.

सोमवारी दवाखान्यात जाणार आहेस, असं लिहिलंस. नक्की जा. उपाशीपोटी जा, आणि मिरची खाऊ नकोस आदल्या रात्री.

भोंगा


१७ मार्च

ताई,

नळीवालीचा फोन आला होता. तिने हे मला सांगायला नको होतं, असं ती स्वतःच म्हणाली, पण गोंधळ झाल्यामुळे सांगावं लागलं. “तुमची बहीण निरोगी म्हणून चालणार नाही. तिच्या गालात आतून पाच-सहा फोड आहेत. वर्षभर येतायत आणि जातायत, असं म्हणाल्या. आम्ही परत पाठवत होतो, तर म्हणाल्या, आलेय तर घ्या हो नमुना, माझ्या बहिणीला पाहिजे आहे. मग आम्ही त्यांना दुसऱ्या गटात घातलं.”

दुसऱ्या गटात म्हणजे माझ्या गटात.

मी फोन ठेवला आणि स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत माइक बंद करून रडले. दोन गाड्या न जाहीर करताच सुटल्या. तोंडाला कधी काही होत नाही ती आमची ताई! वर्षभर, म्हणजे घर सोडलंस तेव्हापासून. कुणासमोर तोंड उघडलं नाहीस, दातांच्या डॉक्टरने आ करायला लावलं तेव्हा कळलं.

कुणाच्या लाळेत किती ताण निघाला, असं मी नळीवालीला विचारलं. ती म्हणाली, एकेकट्याचा आकडा सांगत नाही, सांगून उपयोगही नसतो, सगळ्यांचे मिळून बघतात. आणि तोंड येण्याची कारणं आणखीही असतात, नुसता ताणच असतो असं नाही. असू देत. मला आकडा नकोच आहे.

आता मीही तोंड उघडते. एक, सख्खी बहीणच पाहिजे असं नळीवाली कधी म्हणाली नव्हती. माझ्या वयाची कुठलीही बाई चालली असती, आमची तिकीट खिडकीवालीसुद्धा एका पायावर तयार होती. तुला पत्र टाकायला मला निमित्त हवं होतं, आणि थुंकीपेक्षा बरं निमित्त सापडलं नाही.

दोन, आईचा उरलेला शब्द ‘ताई’ हा आहे.

पाणी हवं असलं तरी ताई, पाठ दुखली तरी ताई, चादर ओली झाली तरी ताई. मी समोर उभी असते आणि माझ्याकडे बघून ती म्हणते ताई. सहा महिने ओ देतेय मी तुझ्या नावाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, “आई, मी धाकटी गं, धाकटी.” तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजावल्यासारखं म्हणाली, “ताई.” करायचं मी, निस्तरायचं मी, आणि जिभेवर राहिलीस तू. राग आला मला. म्हणून कळवलं नाही. हे ते दुसरं कारण. त्या बाई म्हणतात अर्थ चिकटवू नका, तर मी ते वाक्य छातीशी धरून बसले होते, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पण ती तुलाच हाक मारत असेल तर? सहा महिने मारत असेल तर?

डॉक्टर म्हणतात तिचं हृदय थकलंय, दुसरा झटका आला तर काही हातात नाही. ताई, ये. मान फिरवली तर फिरवली. मी आहे.

धाकटी


२९ मार्च

ताई,

तुझ्या गाडीची घोषणा मलाच करावी लागली. सातच्या फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन तू खिडकीशी बसलेली मला काचेतून दिसत होतीस, आणि मी ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हटलं तेव्हा तू वर कर्ण्याकडे बघितलंस. माझ्याकडे बघायला हवं होतंस, वेडे, मी डावीकडे होते.

घरी जे झालं त्याबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. स्टँडपर्यंत चालत आलो आणि तू बसच्या तिकिटाबद्दल विचारत राहिलीस. म्हणून लिहिते. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण दोघींना वेगवेगळं माहीत राहायला नको. मागच्या वेळी तसंच झालं होतं.

तू खोलीत आलीस तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “ताई?” आणि तुझा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. तू पुढे झालीस. पण ती तुझ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला तिच्या सगळ्या ताया ओळखता येतात. पाण्याची तोकडी असते, दुखण्याची लांबते, रागावली की ‘ता’ आपटते आणि ‘ई’ गिळते. ही शेवटी वर गेली होती. ही होती, ‘कोण गं ही?’

खोटं माझ्या तोंडाशी आलं होतं. ‘बघ, तुलाच बोलावतेय’ एवढंच म्हणायचं होतं. तुला खरं वाटलं असतं, तू रडली असतीस, मोकळी होऊन गेली असतीस. मी तोंड उघडलं आणि त्या आधी तूच म्हणालीस, “काही नाही काकू, सहज बघायला आले. यांच्या ओळखीची आहे.”

काकू म्हणालीस तू तिला.

सहा महिने जे ओळखायला मी शिकले, ते तुला दारातून आत येताना एका शब्दात कळलं. तुला ते कळू नये असं मला फार वाटत होतं.

मग तिने काय केलं ते तू बघितलंस, तरी लिहिते. डाव्या हाताने पांघरूण गुडघ्यावर सारखं केलं. खुर्चीकडे हात केला, बसा म्हणून. मला म्हणाली, “ताई,” तोकडं, म्हणजे पाहुणीला पाणी आण. मी पाणी आणलं. तू घोट घेतलास आणि गाल आत ओढलास. कुठे लागलं ते मला बरोबर कळलं. मग तिने तुझा हात हातात घेतला आणि थोपटला, परक्या बाईचा थोपटतात तसा. वाकड्या तोंडाने हसली. आजारपणात ती माझ्याकडे बघून असं हसलेली नाही. घरच्या माणसाकडे बघून कोण हसतं!

तिने तुला ओळखलं असतं तर बसवलं असतं का, हे तू जिना उतरताना पुटपुटलीस. मला ऐकू आलं होतं, मी ऐकलं नाही असं दाखवलं. इतके महिने वाटायचं की ती माझ्या तोंडावर तुझं नाव फेकते. ते नाव तुझंही नव्हतं. मला याचा आनंद व्हायला हवा होता, असं कुणी वाईट मनाचं म्हणेल. मला झाला नाही. मला फक्त एवढंच वाटत राहिलं की ती तुला हाक मारत असती तर किती बरं झालं असतं.

तुझ्या तोंडाला जेल लाव. मला देतात तेच पाठवलंय, जेवणाआधी लावायचं.

धाकटी


७ एप्रिल

ताई,

घाईने लिहितेय. फोन लावला होता, दुकान बंद होतं बहुतेक.

तू गेल्यापासून आईची एक नवीनच ‘ताई’ सुरू झाली आहे. दुपारी होते, मऊ असते आणि मध्येच थांबते. मला काही केल्या उमगेना. पाणी दिलं, कूस बदलली, खिडकी उघडली, बंद केली. ती आपली मान हलवते आणि पुन्हा म्हणते. काल तिने खुर्चीवर हात ठेवला, बसायच्या जागी, आणि थोपटला. मग माझ्याकडे बघितलं.

ती पाहुणी का आली नाही, असं ती विचारतेय.

थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. आईने डावा हात केसांना लावला. मला कळलं. मी फणी घेतली आणि तिचे केस विंचरले, कपाळावरचे मागे घेतले, उशी उंच केली. दारात गॅसवाला होता. तो आत सिलिंडर ठेवून गेला आणि आईचं तोंड एवढंसं झालं.

आज सकाळी डॉक्टर येऊन गेले. पायांवर सूज चढली आहे, श्वास लागतो. त्यांनी बाहेर जिन्यात येऊन सांगितलं, कुणाला कळवायचं असेल तर आता कळवा. तुला कळवतेय. आणखी कुणी नाही कळवायला.

मिळेल त्या गाडीने ये. घरची किल्ली तुझ्याकडे अजून असली तर वापरू नकोस. घंटा वाजव, तिला ती ऐकू आली पाहिजे. खुर्चीत बस, पाणी घे, लागलं तरी घे. तिच्यासमोर काकूच म्हण. आई म्हणावंसं वाटलं तर आत स्वयंपाकघरात ये, दार लोटून घेऊ आणि दोघी मिळून म्हणू.

मी तिचे केस विंचरून ठेवते.

धाकटी